जुना सर्व्हर बदलताना : यंत्र नवे, नोंद तीच

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ वर, आदिलाबाद आणि निर्मल या दोन शहरांच्या दरम्यान, इचोडा हे मंडलाचे गाव वसले आहे. आदिलाबाद जिल्ह्याचा हा भाग काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. हंगामात कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. वजन, भाव, उचल आणि चुकारा यांच्या नोंदींवर शेतकरी, अडत्या आणि दुकानदार यांचा परस्परांवरील विश्वास उभा असतो. पूर्वी ही नोंद दिवाणजींच्या लाल बांधणीच्या चोपडीत होत असे. लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होई आणि जुन्या चोपड्या पेटीत जपून ठेवल्या जात. आज चोपडीची जागा संगणकाने घेतली आहे. जपणुकीची ती शिस्त मात्र नव्या साधनासोबत आलीच असे म्हणता येत नाही.

सर्व्हर म्हणजे काय?

गावच्या चावडीत दप्तर एकच असते आणि ज्याला जी नोंद हवी ती त्यातून काढून दिली जाते. सर्व्हरचे कार्य असेच आहे. वजनकाट्यावरील कारकून, रोखपाल आणि हिशेबनीस यांचे संगणक वेगवेगळे असले, तरी मूळ हिशेब एका मध्यवर्ती संगणकात साठविलेला असतो. तोच सर्व्हर होय. तो बंद पडला की काटा चालू असूनही पावती निघत नाही आणि शेतकऱ्याला चुकाऱ्यासाठी तिष्ठत बसावे लागते.

जुनेपणाचे दोन प्रकार

यंत्राचे जुनेपण डोळ्यांना दिसते. उन्हाळ्याची काहिली, विजेचा लपंडाव, धूळ आणि कापसाचे तंतू यांमुळे पंखे चोंदतात व माहिती साठविणारी तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, निकामी होते.

दुसरे जुनेपण डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच ते अधिक घातक असते. सर्व्हर ज्या मूळ प्रणालीवर चालतो, तिच्यातील उणिवा वेळोवेळी उघडकीस येतात आणि निर्माती कंपनी त्यांवरील दुरुस्त्या पुरविते. ठरावीक मुदतीनंतर हा पुरवठा थांबतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज सर्व्हर २००८ या प्रणालीची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज सर्व्हर २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. विंडोज सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख जाहीर झालेली आहे. मुदत संपल्यावरही यंत्र चालूच राहते, आणि त्यामुळेच मालकाची फसगत होते. कुलूप दाराला असते, पण त्याची किल्ली चोरांच्या हाती पडलेली असते.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू दीडशेहून अधिक देशांत पसरला. तो संगणकातील माहिती कुलूपबंद करून ती सोडविण्यासाठी पैसे मागत असे. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या सुमारे एक तृतीयांश संस्थांना त्याची झळ पोहोचली. ज्या उणिवेतून तो शिरला, तिच्यावरील दुरुस्ती तत्पूर्वी दोन महिने, १४ मार्च रोजीच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, तेच प्रामुख्याने त्याला बळी पडले.

हे संकट लहान संस्थांनाही चुकत नाही. जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या एका संस्थेवर असाच हल्ला झाला. खबरदारी म्हणून देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे किरकोळ देयक व्यवहार तात्पुरते थांबवावे लागले.

बदल कोणत्या क्रमाने करावा?

नवे यंत्र विकत घेणे ही पहिली पायरी नव्हे. प्रथम असलेल्या गोष्टींची यादी करावी. कोणता हिशेब कोठे साठविला आहे, कोणते प्रोग्राम चालतात, त्यांचे परवाने कोणाच्या नावे आहेत आणि पासवर्ड कोणाकडे आहेत, हे कागदावर यावे. ही सर्व माहिती एकाच तंत्रज्ञाच्या स्मरणात असणे हीदेखील जोखीमच आहे.

दुसरी पायरी राखीव प्रतीची. नोंदींच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर, अन्य ठिकाणी असावी. सर्व्हरमध्ये दोन तबकड्या जोडलेल्या आहेत, म्हणून राखीव प्रतीची गरज नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. अशा जोडणीत एका तबकडीवरील चूक त्याच क्षणी दुसरीवर उतरते. शिवाय, प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या खात्याची बाकी जुळते की नाही, हे पाहिल्याशिवाय ती प्रत विश्वसनीय ठरत नाही.

तिसरी पायरी निवडीची. स्वतःचा नवा सर्व्हर घ्यावा, की दूरस्थ केंद्रातील सर्व्हर भाड्याने वापरावा? पहिल्यात एकदम मोठा खर्च व देखभाल आहे. दुसऱ्यात मासिक भाडे आहे आणि इंटरनेट जोडणी तुटल्यास काम अडते. हंगामात दिवसभर अखंड काटा चालवावा लागतो, तेथे जोडणीची खात्री आधी करून घ्यावी.

चौथी पायरी भाषेची. या भागात मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत खातेदारांची नावे लिहिली जातात. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली नावे नव्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखी दिसू शकतात. ती युनिकोड पद्धतीत रूपांतरित करून मूळ यादीशी ताडून पाहावीत. नावातील एका अक्षराच्या फरकाने एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ शकते.

त्यानंतर काही दिवस जुनी व नवी यंत्रणा बरोबरीने चालवावी आणि रोजची शिल्लक दोन्हीकडे जुळली की जुनी बंद करावी. कापसाच्या व्यापाऱ्याने हे काम हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्यात करावे. बी-बियाणे व खतांच्या दुकानदाराने जूनची गर्दी टाळावी. जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यातील माहिती समूळ पुसावी आणि ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच सोपवावे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून तेवढ्या काळातील नोंदी नव्या यंत्रणेत उघडतात याची खात्री झाल्यावरच जुन्या तबकडीला हात लावावा.

सहकारी संस्थांचा अनुभव

गावोगावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थांपुढे हाच प्रश्न होता. काही संस्थांचे काम हातानेच चाले, तर काहींकडे परस्परांशी न जुळणारे प्रोग्राम होते. केंद्र शासनाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सर्वांसाठी समान प्रणाली आणि नाबार्डशी जोडणी, हे तिचे सूत्र आहे. परंतु या योजनेतही जुनी खाती नव्या प्रणालीत उतरविणे आणि ती तपासून घेणे हेच कष्टाचे काम आहे. यंत्र पैशाने मिळते, नोंदीची शुद्धता मात्र माणसांच्या दक्षतेनेच राखली जाते.

एवढे करूनही हल्ला झालाच, तर सर्व्हर तत्काळ जाळ्यापासून अलग करावा, खंडणी देण्याची घाई करू नये आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

सर्व्हर शेवटी एक पेटीच आहे. ती मोडली तर दुसरी आणता येते. परंतु तिच्यात शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब असतो, आणि तो एकदा हरवला की कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. म्हणून पेटी मोडण्याची वाट न पाहता, ती चालू असतानाच बदलणे यातच शहाणपण आहे.