गच्चीवरचे किलोवॅट, बिलावरचे युनिट

गच्चीवरच्या सौर पॅनेलची क्षमता किलोवॅटमध्ये मोजतात आणि घरातला विजेचा वापर युनिटमध्ये. १ किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की १ युनिट वीज खर्च होते. सरकारी अनुदान मिळते किलोवॅटवर, पैसे वाचतात ते मात्र युनिटवर. म्हणूनच किती किलोवॅट बसवायचे, हा प्रश्न कंत्राटदाराच्या माहितीपत्रकावरून सुटत नाही. त्यासाठी घरातली वर्षभराची वीजबिले समोर ठेवावी लागतात.

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. ७५,०२१ कोटी रुपयांच्या या योजनेचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत १ कोटी घरांवर पॅनेल बसवण्याचे आहे. पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये असे अनुदान आहे. त्यापुढे कितीही पॅनेल बसवली तरी ७८,००० रुपयांवर एक रुपयाही वाढत नाही. यंत्रणा बसून, नेट मीटर लागून ती सुरू झाली की रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे आधी खर्च ग्राहकालाच उभा करावा लागतो. त्यासाठी बँकांकडून विनातारण कर्जाची सोय आहे. अनुदान हवे असेल तर पॅनेल देशात तयार झालेली असावी लागतात.

मर्यादा ३ किलोवॅटलाच का, याचे उत्तर उन्हात आहे. आपल्याकडे १ किलोवॅटच्या पॅनेलपासून दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १०० ते १२० युनिट वीज मिळते. ३ किलोवॅट म्हणजे ३०० युनिटांच्या थोडे वर. योजनेत सांगितलेले महिन्याचे ३०० मोफत युनिट ते हेच. ते सरकार वाटत नाही, आपलेच छप्पर तयार करते. ही गोष्ट अर्ज करणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवी, कारण छप्पर कमी पडले किंवा त्यावर सावली आली तर ती तूट कोणी भरून देत नाही.

सावलीचा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. एका पॅनेलमध्ये सिलिकॉनचे अनेक सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. अरुंद बोळात पुढची बैलगाडी अडली की मागच्या सगळ्या थांबतात, तशी स्थिती एका झाकलेल्या सेलमुळे होते. हा अडथळा टाळून प्रवाहाला वळसा देणारे डायोड पॅनेलमध्ये असतात, पण तेव्हा पॅनेलचा तेवढा भाग कामातून जातो. त्यामुळे पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची बोटभर वाटणारी सावली उत्पादनात मोठी घट आणू शकते. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. ती सकाळी ९ ते दुपारी ४ पर्यंत उघडी असणे क्षेत्रफळाइतकेच महत्त्वाचे. पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे.

उन्हाच्या कडाक्याबद्दलही एक गैरसमज आहे. पॅनेलला प्रकाश हवा, उष्णता नको. त्याची छापील क्षमता सेलचे तापमान २५ अंश सेल्सियस असताना मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर क्षमतेचा सुमारे सातवा हिस्सा उष्णतेतच जातो. तरीही उन्हाळ्याचे दिवस मोठे आणि निरभ्र असल्याने महिन्याची बेरीज चांगली येते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ती निम्म्यावर येऊ शकते. म्हणून एका महिन्याचा आकडा पाहून यंत्रणा चांगली की वाईट ते ठरवू नये.

आता बिलाकडे. महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटांपर्यंत सर्वात कमी, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. पॅनेल बसले की आधी कमी होतात ते सर्वात वरच्या टप्प्यातले, म्हणजे सर्वात महाग युनिट. महिन्याला ३५० युनिट लागणाऱ्या घराला पहिल्या किलोवॅटने जेवढे पैसे वाचतात, तेवढे तिसऱ्याने वाचत नाहीत. जिथे वापरच १०० युनिटांच्या आत आहे, तिथे वाचणारा युनिट मुळात स्वस्त असतो आणि खर्च वसूल व्हायला बराच काळ लागतो. ज्यांना बचतीची सर्वाधिक गरज, त्यांनाच बाजाराच्या हिशेबात पॅनेल सर्वात कमी परवडते. ही विसंगती दूर करण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या घरांसाठी केंद्राच्या अनुदानावर स्वतःची भर घालण्याचा निर्णय घेतला. अनुदानाची खरी जागा तीच आहे.

वीज दिवसा तयार होते आणि घरात दिवे, पंखे, टीव्ही लागतात संध्याकाळी. हा मेळ नेट मीटर घालतो. घरात न वापरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते, रात्री लागणारी तिथून येते आणि मीटर दोन्ही वेगवेगळ्या नोंदवतो. बिल वजाबाकीवर निघते. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. ३१ मार्चला मात्र हिशेब मिटतो आणि उरलेले युनिट वीज कंपनी घरगुती दरापेक्षा कमी दराने घेते. त्यामुळे गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून वीज विकण्याचा बेत घरगुती ग्राहकाला फायद्याचा ठरत नाही. वजाबाकी शून्य आली तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

भारनियमनात काय होते, हे अनेकांना पॅनेल बसवल्यावरच कळते. जाळ्याला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज जाताच बंद पडतो, मग बाहेर कितीही ऊन असो. तो चालू राहिला तर गच्चीवरची वीज तारांमध्ये उतरेल आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही घर चालू हवे असेल तर बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर लागतो. तो खर्च अनुदानात धरलेला नाही.

बिल उतरल्यावर माणसे जास्त वीज वापरू लागतात का? अमेरिकेतील फिनिक्स परिसरातल्या घरांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅनेलचे उत्पादन १ युनिटने वाढले की घराचा एकूण वापर सरासरी ०.१८ युनिटने वाढतो, असे त्यात आढळले. ज्या घरात उकाड्याचे हाल सोसले जात होते, तिथे ही वाढ म्हणजे सुखच, आणि त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. अडचण वाढीव वापर रात्री होतो तेव्हा येते. रात्री चालणाऱ्या एसीला गच्चीवरचा सूर्य पुरत नाही. तेव्हाची वीज मुख्यतः कोळशाच्या केंद्रांतूनच येते. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गिझर, इस्त्री दुपारकडे सरकवली तर पॅनेलची वीज जागच्या जागी वापरली जाते.

पॅनेलच्याही आधी पंख्यांचा हिशेब करावा. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. असे ४ पंखे रोज १२ तास चालले तर दिवसाला ३.६, महिन्याला १०८ युनिट. म्हणजे १ किलोवॅट पॅनेलची जवळपास सगळी वीज पंख्यांतच संपते. ब्रशविरहित मोटरचा पंखा तेवढीच हवा सुमारे ३० वॅटमध्ये देतो; महिन्याचे ४३ युनिट होतात आणि ६५ वाचतात. वापर आधी असा उतरवला की कमी किलोवॅटमध्ये भागते आणि सावलीतली जागा नाइलाजाने वापरावी लागत नाही.

इमारतीतल्या रहिवाशांचा प्रश्न वेगळा आहे, कारण गच्ची सामाईक आणि मीटर प्रत्येकाचा स्वतंत्र. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिने आणि आवारातले दिवे यांसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे आणि त्याची कमाल मर्यादा ५०० किलोवॅट आहे. सामाईक वापराचे बिल उतरले की त्याचा फायदा मासिक देखभाल खर्चातून प्रत्येक सदनिकेला मिळतो, भाडेकरू असलेल्या घरालासुद्धा. त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून घेणे ही पहिली पायरी.