करवत सरळ का जात नाही?

गेल्या मे महिन्यात जुन्या दाराची एक सागवानी फळी चिरून पुस्तकांच्या कपाटासाठी दोन पातळ फळ्या करायच्या होत्या. दार आजोबांच्या हातचं. तसलं लाकूड आता मिळायचं नाही. बँडसॉवर फळी घातली आणि अर्ध्यावर पातं डावीकडं सरकलं. एक फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापडासारखी. बाबा एवढंच म्हणाले, "लाकडाला नावं ठेवू नको. मशीन लावून घेतलास काय आधी?"

नव्हतं घेतलं. दुसरी फळी कापण्याआधी त्यांनी जे शिकवलं, ते इथं देतो.

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडात त्याची कल्पना निघाली, पण पट्ट्याचा सांधा टिकत नसे. १८४६ मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅन पॉलिन क्रेपिन या बाईंनी सांधा जोडायच्या रीतीचं पेटंट घेतलं, आणि मग हे यंत्र खरं कामाला आलं.

आधी प्लग काढा. चाकांच्या रबरावर चिकटलेला भुसा खरवडून टाका. पातं कामाप्रमाणं निवडा: वळणाला अरुंद, फळी चिरायला रुंद आणि मोठ्या दात्यांचं. जाड लाकडाला इंचाला तीन-चार दाते पुरतात. बारीक दात्यांत भुसा अडकतो, पातं तापतं आणि वाट सोडतं.

मग गाइड मागं सारून पात्याला ताण द्या आणि वरचं चाक हातानं फिरवा. पातं मधोमध चालेपर्यंत चाकाचा कल थोडा थोडा बदला. ताण किती? सहा इंच मोकळं पातं बाजूनं बोटानं बेतानं दाबलं, तर साधारण पाव इंच हलावं. त्याहून जास्त हललं तर कापताना पातं पोट काढणार.

आता गुण्या लावून टेबल पात्याशी काटकोनात आणा. बाजूचे गाइड पात्यापासून कागदाएवढ्या अंतरावर ठेवा, पण दात्यांच्या मागं. दाते गाइडला घासले की धार गेलीच. मागचं बेअरिंग पातं मोकळं फिरताना फिरू नये, लाकूड रेटल्यावरच फिरावं.

एवढं करूनही पातं थोडं तिरकं ओढतं. माझी चूक इथंच होती. एका रद्दी फळीवर कडेला समांतर रेघ मारा आणि फेन्स न लावता रेघेवरून कापा. अर्ध्यावर मशीन बंद करा. फळी ज्या कोनात उभी राहिली, त्याच कोनात टेबलावर खूण करून फेन्स लावा. तरीही खूपच ओढत असेल तर एका बाजूचे दाते बोथट झालेत असं समजा, पातं बदला.

शेवटी वरचा गाइड लाकडापासून पाव इंचावर आणा. त्यानं पातं स्थिर राहतं आणि बोटंही वाचतात. टोकाशी लाकूड हातानं नव्हे, काठीनं ढकला. काम संपलं की ताण सैल करा.

दुसरी फळी सरळ निघाली. पहिलीचं जे उरलं, त्याचा कपाटात एक आखूड कप्पा केलाय. तयारीला पाऊण तास गेला, कापायला दोन मिनिटं.