भाग : गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही

आज जुन्या पिकअपच्या एका रोगाविषयी बोलू. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, दुपारी मात्र नुसती ‘टक्’ करून गप्प बसते. मिस्त्रीकडे न्यावी, तर तिथे शहाण्या मुलासारखी वागते.

माझ्याकडे डिझेलवर चालणारा जुना पिकअप आहे. भिलाईचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे, पारा पंचेचाळिसाला टेकतो. त्या महिन्यात दोन ठिकाणी गाडी दाखवली. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फचे कार्बन बदलले. दोघांकडेही गाडी सुरू झाली, म्हणून मी निश्चिंत झालो. त्याच आठवड्यात एका रात्री बाहेरून घरी आलो आणि पंधरा मिनिटांत सौभाग्यवतींच्या छातीत कळ आली. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. शेजारच्या चार पोरांनी गाडी ढकलली, तेव्हा कुठे सेक्टर ९ च्या हॉस्पिटलला पोहोचलो. त्या सुखरूप आहेत. पण फौजेत रोज सकाळी गाड्यांची फर्स्ट परेड घेणारा माणूस स्वतःच्या गाडीपुढे हरला, हे मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आता अंदाजाने एकही पार्ट बदलायचा नाही. आधी वही काढली. गाडी कधी अडते, इंजिन गरम होतं की गार, आवाज कसला आला, दिवे मंद झाले का, हे सगळं लिहायचं. पाच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. गाडी फक्त गरम असतानाच अडत होती, आणि दिवे जराही मंद होत नव्हते.

आता आवाजाची भाषा समजून घ्या. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही आणि दिवे लख्ख, तर इग्निशन स्विच, रिले किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर पाहा. टकटकटकटक असा झपाट्याने आवाज आला, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच ‘टक्’ आणि दिवे एकदम मंद, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जाम. एकच ‘टक्’ आणि दिवे तसेच लख्ख, म्हणजे सेल्फपर्यंत करंटच पोहोचत नाही. मग सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट, कार्बन, जाड केबल किंवा अर्थिंग, यांपैकी एक गुन्हेगार.

इथे मीटर फसवतो, लक्षात ठेवा. केबलच्या शंभर तारांपैकी एकच शाबूत असली, तरी सेल्फ बंद असताना मीटर साडेबारा व्होल्ट दाखवेल, कारण मीटरला करंट लागतो नावापुरता. सेल्फला शेकडो ऍम्पिअर लागतात. दोनशे ऍम्पिअर आणि वाटेत ०.०२ ओहमचा अडथळा, म्हणजे चार व्होल्ट तिथेच गेले. म्हणून बिघाड हजर असताना, किल्ली फिरवलेली असतानाच मोजायचं.

त्याआधी काळजी घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. हातातली अंगठी, कडं काढा. डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर सोडवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको. किल्ली एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका.

मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर. मुलाने किल्ली फिरवली. ०.२ व्होल्टच्या आत असायला हवं, माझ्याकडे आले पाच! मग दुसरी पिन चेसिसवर ठेवली, तर ०.१. म्हणजे बॅटरी ते चेसिस ठीक, चेसिस ते इंजिन खराब. खाली वाकून पाहिलं. इंजिन रबरावर बसतं, म्हणून चेसिसला जोडणारी विणलेली अर्थिंगची पट्टी असते. ती बोल्टाखाली गंजून हिरवी पडली होती. गार असताना कशीबशी टेकायची, तापली की सुटायची.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली, नवी पट्टी टाकली, दोन्ही जागा पॉलिशपेपरने चकचकीत केल्या, बोल्ट आवळले, वरून ग्रीस लावलं, निगेटिव्ह शेवटी जोडली. आता किल्ली फिरवताना ०.१ येतात. त्यानंतर गाडी एकदाही अडलेली नाही.

तुमच्याकडे अर्थिंग ठीक निघाली, तर तीच परीक्षा पॉझिटिव्ह बाजूला घ्या. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट, अर्ध्या व्होल्टच्या आत. किल्ली फिरवताना बॅटरी स्वतः साडेनऊच्या खाली जात असेल, तर आधी ती चार्ज करून पुन्हा तपासा.

दुकानात गाडी सुरू झाली, म्हणजे ती दुरुस्त झाली असं नाही. बिघाड पकडून दाखवला, तरच पैसे द्या. आणि हो, घरात वयस्कर माणूस असेल तर हे काम उद्यावर टाकू नका. ढकलायला चार पोरं प्रत्येक रात्री भेटतीलच असं नाही.

जय हिंद.