बाजार भरायच्या आत

सकाळी ७. हातात फोन घेतला की आधी टिपलाइन. वाचकांनी रात्रभर ‘हे खरं आहे का?’ म्हणून पाठवलेलं सगळं तिथे साचलेलं असतं. घरगुती औषधं, बनावट सरकारी योजना यांना दुपारपर्यंत थांबता येतं. ‘मुलं पळवणारी टोळी आली’ असं दिसलं की मात्र बाकी सगळं बाजूला. १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी याच संशयावरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्यामुळे आमचा खुलासा बाजार भरायच्या आत पोचला तरच उपयोगाचा.

९. पोस्टची प्रत आधी वेबॅक मशीन या वेबपानं साठवणाऱ्या साइटवर जतन करायची. डिलीट झाली तरी पुरावा राहतो.

१०. व्हिडिओच्या सुट्या फ्रेम काढून रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे चित्रावरूनच ते आधी कुठे आलं होतं याचा शोध. आजची क्लिप पाहताक्षणी ओळखीची वाटली: गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलून पसार होतात. ही मूळ फिल्म कराचीची. तिथल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली. तिच्यात तेच दोघे मागे फिरतात, मुलाला परत सोडतात आणि कॅमेऱ्यासमोर जनजागृतीचा फलक धरतात. आपल्याकडे २०१८ मध्ये फिरली ती हा शेवट कापून. तेवढे सेकंद राहिले असते, तर कुणालाही खरं कळलं असतं. म्हणून ‘लोक अडाणी, म्हणून फसतात’ हे मला अजिबात मान्य नाही. लोकांना फसवलं जातं.

दुपारी १. ज्या गावाचं नाव मेसेजमध्ये आहे, तिथल्या पोलीस ठाण्याला फोन.

“साहेब, हद्दीत मूल पळवल्याचा गुन्हा दाखल आहे का?”

“नाही हो मॅडम, एकही नाही. सकाळपासून हेच विचारताहेत सगळे.”

नाव, हुद्दा, वेळ लिहून घेते. मग पोलीस पाटलांनाही विचारते.

४. आता पसरवतंय कोण? फेसबुक पेजची ‘ट्रान्सपरन्सी’ उघडली की पेज कधी सुरू झालं, नाव किती वेळा बदललं, चालवणारे कुठल्या देशात आहेत, हे दिसतं. शेतीचं म्हणून सुरू झालेलं पेज अचानक राजकीय नाव घेतं, एकच मजकूर त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह अनेक खात्यांवर मिनिटभरात पडतो, तेव्हा संशय घ्यायला जागा असते. २०२२ मध्ये उघड झालेल्या रशियाच्या ‘डॉपेलगँगर’ मोहिमेत तर डेर श्पीगेल, गार्डियन यांच्या हुबेहूब बनावट साइट होत्या. फरक होता तो वेबपत्त्यात. पण प्रत्येक अफवेमागे कारस्थान नसतं. घाबरलेली आईही फॉरवर्ड करते. पुरावा नसेल तर आम्ही कुणाचं नाव छापत नाही.

६. लिहायला बसते. मथळ्यात अफवा पुन्हा छापायची नाही, खरी गोष्ट आधी. सोबत अर्ध्या मिनिटाचा ऑडिओ, जमेल तेव्हा अहिराणीतही, कारण खूप जण वाचत नाहीत, ऐकतात.

रात्री ८. ज्यांनी विचारलं, त्या प्रत्येकाला उत्तर. पुढचं काम आमच्या हातात नाही, तुमच्या आहे. अफवा ज्या ग्रुपवर आली, त्याच ग्रुपवर खुलासा टाका. आणि अनोळखी माणसाचा संशय आलाच तर त्याला अडवू नका, ११२ ला फोन करा.