रूळ जिवंत असतानाच

गाडी बंद झालेल्या रेल्वेमार्गाचे रूळ उखडायचे, खडी सपाट करायची आणि तो पट्टा पायी चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना मोकळा करून द्यायचा, ही कल्पना अमेरिकेत १९६०च्या दशकात मूळ धरू लागली. आज तिथे पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा एक सलग मार्ग आहे. तो २०१३ मध्ये पूर्ण झाला आणि बराचसा नदीच्या काठाकाठाने ॲलेगेनी डोंगर ओलांडतो. तैवानात १९०८चा लोखंडी पूल आणि त्याला लागूनचा बोगदा गाड्या थांबल्यावर सायकलींना मिळाला. अशा वाटा लोकांना आवडतात त्यामागे इंजिनियरिंगचं साधं कारण आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून रेल्वे नदीचं खोरं धरते, खोलगट जागी भराव घालते आणि डोंगर आडवा आलाच तर त्याच्या पोटातून जाते. जे इंजिनाला सोपं ते माणसाच्या गुडघ्यांनाही सोपं. अशा वाटेवर सात वर्षांचं पोर आणि सत्तरीचे आजोबा बरोबरीने सायकल चालवू शकतात, घाटरस्त्यावर ते शक्य नाही.

ही कल्पना आपल्याकडे आणायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो मेलेल्या रेल्वेमार्गाचा, आणि तिथेच गाडी अडते. भारतात रेल्वे सहसा मरत नाही, तिचं रूपांतर होतं. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अरुंद रुळांवरून धावायची. तिचं गेज रुंद झालं आणि आज लातूर-कुर्डुवाडीकडे मोठ्या गाड्या धावतात. १९९२ नंतर देशभर हेच घडत गेलं. जमीन तुटपुंजी, प्रवासी अफाट, त्यामुळे कोणताही मार्ग मोकळा करणं रेल्वेला परवडत नाही आणि परवडूही नये. म्हणजे रेल्वे मेल्यावर तिच्या जागी वाट करायची हे अमेरिकेचं सूत्र धरून बसलो, तर आपल्याला फक्त वाट बघत राहावं लागेल. इथे सूत्र उलटं हवं. रूळ जिवंत असतानाच त्यांच्या कडेने वाट व्हायला हवी, आणि तिची सुरुवात सहलीच्या जागेपासून न करता माणसं आजही नाइलाजाने रुळांवरून चालतात तिथून करायला हवी.

अशी जागा पालघर जिल्ह्यात आहे. सह्याद्रीच्या बाहेरच्या रांगा आणि समुद्र यांच्यामध्ये इथे सपाटीचा एक पट्टा आहे. बीबीसीआय या रेल्वे कंपनीने नेमका तोच धरला आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये गुजरातकडून आलेली तिची गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली. पालघरहून मनोरला निघालेल्या एसटीला वाघोबा घाट चढावा लागतो. विरारहून उत्तरेला जाणारी लोकल मात्र तांदूळवाडी आणि काळदुर्ग हे डोंगर उजव्या हाताला ठेवून न दमता डहाणू गाठते. या मार्गातला मोठा अडथळा म्हणजे वैतरणा. त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेली ही नदी मोडकसागरसारख्या धरणांतून मुंबईची तहान भागवते आणि सफाळ्याच्या दक्षिणेला खाडी होऊन पसरते. तिथे तिच्या दोन फाट्यांमध्ये वाढीव बेट आहे. रेल्वे ते दोन पुलांनी ओलांडते, क्रमांक ९२ आणि ९३. बेटावरचे शेतकरी, मच्छीमार, नोकरदार, शाळकरी मुलं यांना स्थानक गाठायचं तर होडी, नाहीतर हे रेल्वेपूल. कित्येक वर्षं माणसं त्या पुलांवरून चालत आली आहेत, गाडी आली की कठड्याला चिकटून उभी राहिली आहेत, आणि काही तिथेच दगावलीही आहेत. वैतरणा आणि सफाळे ही लागोपाठची स्थानकं, त्यांच्यात अंतर सुमारे ८ किलोमीटर. लोकलला काही मिनिटं पुरतात. मोटारीने जायचं तर पूर्वेला महामार्गापर्यंत जाऊन वळसा घालावा लागतो.

यावर रेल्वेचं उत्तर कायद्याचं असतं. १९८९च्या रेल्वे कायद्यातल्या कलम १४७ने रुळांवरच्या घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. कायदा चुकीचा नाही. धडधडत येणाऱ्या राजधानीपुढे माणसाने असूच नये. पण दुसरी वाट असेल तरच मनाई अर्थपूर्ण ठरते. शाळेत जाणाऱ्या मुलीला घुसखोर म्हणण्याआधी तिने कुठून जायचं हे सांगायला हवं. धावत्या गाडीशेजारी चालण्याची सोय म्हणजे अपघाताला आमंत्रण, हा आक्षेप वरवर पटतो. पण वैतरणेवर धोका आधीच आहे, आणि तो कुंपणाशिवायचा आहे. मेम्फिसला मिसिसिपी नदीवर १९१६चा हॅराहन पूल आहे. त्यावरून आजही मालगाड्या जातात. पुलाच्या कडेला पूर्वी वाहनांसाठी असलेल्या पट्टीवर २०१६ मध्ये जाळी लावून पायी व सायकलने जाण्याची सोय झाली. लंडनच्या हंगरफर्ड रेल्वेपुलाच्या दोन्ही अंगांना २००२ पासून नवे पादचारी पूल आहेत आणि मधून गाड्या ये-जा करतात. धोका कमी होतो तो माणूस आणि गाडी यांच्यामध्ये जाळी उभी राहिल्याने. नुसत्या मनाईच्या पाटीने ते होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रेल्वेपूल गाडीच्या भारासाठी बांधलेला असतो, त्यावर वाटेल ते लटकवता येत नाही. वैतरणेच्या पात्रात तर वाळूउपशामुळे पुलाच्या खांबांना धोका असल्याची तक्रार रेल्वेनेच वेळोवेळी केली आहे. हे सगळं खरं आहे. म्हणून १५०हून अधिक वर्षांच्या मार्गावरच्या चालू पुलाला हात लावा असं कुणी म्हणणार नाही. पण विरार ते डहाणू या ६४ किलोमीटरच्या पट्ट्यात तिसरी-चौथी मार्गिका होते आहे आणि तिच्यासाठी वैतरणेवर नवे पूल लागतातच. नव्या पुलालगत दीड-दोन मीटरची जाळीबंद पट्टी आखताना धरली तर ती एकूण कामातली छोटीशी बाब ठरते. तीच मागाहून जोडायची तर वेगळा आराखडा, वेगळी परवानगी आणि वेगळा खर्च. गँगमनला गाडी येताना उभं राहायला पुलावर कोनाडे ठेवावे लागतात, हे रेल्वे पहिल्यापासून जाणते. प्रश्न त्या जाणिवेची हद्द रेल्वेच्या नोकराबरोबरच थांबते का, एवढाच आहे. बेटाला रुग्णवाहिका जाईल असा पूल हवाच, आणि चालायची पट्टी दिली म्हणून ती मागणी कुणी बाजूला सारू नये, हेही इथेच म्हणायला हवं.

पूल झाला तरी वाट कुणासाठी, हे उरतं. सहलवाले रविवारी येतील, सफाळ्याला उतरून तांदूळवाडी चढतील, केळव्याच्या किनाऱ्याला जातील. पण रोजचा ग्राहक दुसरीकडे आहे. पालघर, उमरोळी, बोईसर हा जेमतेम बारा किलोमीटरचा सपाट टप्पा आहे, आणि बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कारखान्यांत पाळ्या चालतात आणि आसपासच्या गावांतून, पाड्यांतून कामगार येतात. रसायनांचे टँकर आणि कंटेनर ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्याच्या कडेने रात्रपाळीचा माणूस सायकल हाकतो. रुळांच्या कडेला देखभालीसाठी रस्ता करावा लागेल तिथे तोच रस्ता कुंपण घालून सायकलला दिला, तर कामगाराला टँकरपासून आडोसा मिळेल. इथला पाऊस झोडपणारा, मे महिन्यातला उकाडा घामाघूम करणारा. वर्षाचे काही आठवडे वाट ओस पडेल, हे मान्य. तसे इथले साधे रस्तेही जुलैत जेमतेम वापरण्याजोगे असतात!

सर्वांत अवघड आक्षेप मात्र जमिनीचा आहे, आणि तो या जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडी शोभतो. बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, द्रुतगती महामार्ग, आणि २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेलं ७६,२२० कोटी रुपयांचं वाढवण बंदर. सगळ्यांनी या किनारपट्टीकडे आणि आदिवासी पाड्यांकडे जमीन मागितली, किंवा मासेमारीचं पाणी मागितलं. तिथे शहरातल्या हौशी सायकलस्वारांसाठी आणखी एक गुंठा मागायला जाणं निर्लज्जपणाचं होईल. म्हणून या वाटेला एक अट घालावी लागेल: रेल्वेच्या ताब्यात आहे त्या हद्दीबाहेर एक फूटही नको, आणि खाडीकाठच्या तिवरांना हात नको. या अटीत जिथे बसत नाही तिथे वाट तुटली तरी चालेल. सलग शंभर किलोमीटरच्या फलकापेक्षा वाढीव ते स्थानक एवढा तुकडा आधी झाला, तर त्याचा उपयोग पहिल्याच सकाळी दिसेल.

हे ठरवायचं कुणी, याचं उत्तर रेल्वेवर ढकलून मोकळं होता येत नाही. मार्गिकांचं काम मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आहे. १९९९ साली स्थापन झालेल्या या कंपनीत रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्र सरकारचा ४९ टक्के. म्हणजे हे पूल बांधणाऱ्या कंपनीचं राज्य जवळपास निम्मं मालक आहे. पालघरचे आमदार, खासदार आणि जिल्हा परिषद गाड्यांच्या थांब्यांसाठी निवेदनं देतात, तशीच नव्या पुलावरच्या पट्टीसाठीही द्यावीत. आणि ती पुलाचं काम संपायच्या आत द्यावीत, कारण उद्घाटनानंतर याच मागणीला वेगळा प्रकल्प म्हणतात आणि त्याची फाइल कुठल्या टेबलावर थांबते, हे वाढीवच्या लोकांना कुणी सांगायला नको.