साठ लाखांचा दावा आणि साठ दिवसांची मुदत

टोरोंटो : सू सेंट मरी हे ओंटारियो प्रांताच्या उत्तरेकडचं शहर. तिथे एका बिल्डर कंपनीला पाणथळ जमिनीजवळ ९१ प्लॉटची वसाहत उभारायची होती. 'पॉइंट्स प्रोटेक्शन असोसिएशन' या रहिवाशांच्या संघटनेने विरोध केला. नगर परिषदेने परवानगी नाकारल्यावर कंपनी ओंटारियो म्युनिसिपल बोर्डाकडे अपिलात गेली. तिथे संघटनेच्या अध्यक्षांनी साक्ष दिली, की या वसाहतीमुळे पाणथळ जागेची हानी होईल. अपील फेटाळलं गेलं. मग कंपनीने संघटनेवर आणि तिच्या सभासदांवर साठ लाख डॉलरचा दावा ठोकला. पूर्वीच्या एका समझोत्यात संघटनेने ठरावीक मुद्दे न मांडण्याचं कबूल केलं होतं आणि ही साक्ष म्हणजे त्या कराराचा भंग, असं कंपनीचं म्हणणं होतं.

ठाण्याच्या खाडीकाठी तिवरांवर पडणाऱ्या भरावाविरुद्ध अर्ज करणाऱ्याला किंवा डोंबिवलीत ओसीसाठी (भोगवटा प्रमाणपत्रासाठी) बिल्डरच्या मागे लागलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा प्रकार परका वाटणार नाही.

अशा दाव्यांना इकडे 'स्लॅप' म्हणतात. लांबलचक इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं, पण त्यांचा शब्द झाला तो थपडेचा. डेन्व्हर विद्यापीठातल्या जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोपी कॅनन या दोन प्राध्यापकांनी १९८०च्या दशकात तो रूढ केला. असा दावा जिंकला नाही तरी दावेदाराचं काम होतं. वकिलाची फी आणि कोर्टाच्या तारखा यांनीच समोरचा गप्प बसतो.

कॅनडात दिवाणी कामकाजाचे नियम प्रांत ठरवतात. पहिलं टिकाऊ पाऊल टाकलं क्युबेकने. बॅरिक गोल्ड या सोन्याच्या खाणकंपनीने तिथल्या 'एकोसोसिएते' या छोट्या प्रकाशनसंस्थेवर २००८ साली एका पुस्तकावरून साठ लाख डॉलरचा दावा लावला. त्यावरून गदारोळ उठला आणि २००९मध्ये कायदा झाला. पुस्तक मात्र बचावलं नाही. २०११च्या तडजोडीत प्रकाशकाने ते बाजारातून काढून घेतलं. ओंटारियोने २०१५मध्ये कायदा केला, ब्रिटिश कोलंबियाने २०१९मध्ये.

ओंटारियोच्या कायद्यातली रीत सरळ आहे. ज्याच्यावर दावा झाला, त्याने सुरुवातीलाच दावा फेटाळण्याचा अर्ज करायचा आणि आपलं बोलणं सार्वजनिक हिताच्या विषयावर होतं एवढं दाखवायचं. पुढचं ओझं दावेदारावर पडतं. दाव्यात दम आहे, समोरच्याकडे टिकेल असा बचाव नाही आणि आपलं नुकसान त्या बोलण्याच्या सार्वजनिक मोलापेक्षा भारी आहे, हे त्याने पटवून द्यावं लागतं. अर्ज दाखल झाल्यापासून साठ दिवसांत सुनावणी व्हावी, असं कायदा सांगतो. दावा फेटाळला गेला तर प्रतिवादीचा पूर्ण खर्च सहसा दावेदाराच्या माथी बसतो. उलट झालं तर प्रतिवादीवर खर्चाचा बोजा सहसा पडत नाही.

हे झालं कागदावर. पॉइंट्सच्या रहिवाशांचा अर्ज पहिल्या न्यायाधीशांनी २०१६मध्ये नाकारला, अपील न्यायालयाने २०१८मध्ये तो मान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १० सप्टेंबर २०२० रोजी एकमताने त्यावर शिक्का मारला. कंपनीचा दावा बुडाला, पण त्याला वर्षं लागली. त्याच दिवशी याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात उलट कौल दिला. एका वकील बाईंनी सहकाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये एका डॉक्टरवर अहवाल बदलल्याचा आरोप केला होता. डॉक्टरचा दावा पुढे चालू द्यावा, असं पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. थोडक्यात, हा कायदा म्हणजे वाटेल ते बोलण्याचा परवाना नव्हे.

महाराष्ट्रात असा कायदा नाही, अशी प्रकरणं आहेत. बोरिवलीतल्या एका इमारतीच्या फ्लॅटधारकांनी २०१५ साली फलक लावला. सोसायटी स्थापन होत नाही, हिशेब मिळत नाही, पाण्याचा त्रास, लिफ्टची हेळसांड, गळती, रस्त्याची दुर्दशा अशी ती यादी होती. बिल्डरने अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद केली, २०१६मध्ये समन्स निघाली, उच्च न्यायालयात दाद लागली नाही. १७ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फिर्याद रद्द केली. फलकावर 'फसवणूक', 'अपहार' असे शब्द नव्हते, याची न्यायालयाने खास नोंद घेतली.

मुंबईचंच आणखी एक उदाहरण. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने 'मनीलाइफ' या नियतकालिकावर २०१५ साली शंभर कोटींचा दावा लावला. न्या. गौतम पटेल यांनी मनाई हुकूम तर नाकारलाच, वर एक्स्चेंजला पन्नास लाख रुपये भरायला लावले. 'मनीलाइफ'च्या सुचेता दलाल आणि देबाशिस बसू यांना प्रत्येकी दीड लाख आणि उरलेले रुग्णालयांना. हे अपवादानेच घडतं. साध्या दिवाणी दाव्यात खोट्या, त्रासदायक मागणीबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५अ खाली मिळणारी भरपाई फार तर तीन हजार रुपये.

कल्याण-डोंबिवलीत बोलणाऱ्यांची गरज किती, हे ६५ इमारतींच्या प्रकरणाने दाखवलं. महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेरा या गृहनिर्माण नियामकाची नोंदणी मिळवून त्या उभ्या राहिल्या होत्या. एका वास्तुविशारदाच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या फ्लॅटमध्ये आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबं राहत होती.

मानपाडा रोडवरच्या एखाद्या सोसायटीने आज फलक लावला आणि बिल्डरची फिर्याद आली, तर तिचा वकील बोरिवलीच्या निकालाची प्रत पुढे ठेवील. कल्याणच्या कोर्टात ती प्रत वाचली जाईपर्यंत मात्र सेक्रेटरीला प्रत्येक तारखेला सुट्टी टाकून हजर राहावं लागेल, कारण साठ दिवसांची मुदत ओंटारियोच्या कायद्यात आहे, तिथल्या नाही.