काकापो: शत्रू दूर झाले, धोका टळला नाही

न्यूझीलंडचा काकापो हा जगातला सर्वांत वजनदार पोपट. नराचे वजन चार किलोपर्यंत भरते. रात्री वावरणारा हा पक्षी झाडावर सहज चढतो, पण त्याला उडता येत नाही. धोका जाणवला की तो जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो.

आकाशातून नजरेने भक्ष्य टिपणाऱ्या शिकारी पक्ष्यांपासून बचावासाठी ही युक्ती पुरेशी होती. माणसाबरोबर मात्र उंदीर, मांजरे आणि मुंगसासारखा दिसणारा स्टोट आले. हे प्राणी वासावरून माग काढतात आणि काकापोच्या अंगाला उग्र गंध असतो. १९९५मध्ये जेमतेम ५१ पक्षी उरले होते.

शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर त्यांना हलवून काटेकोर देखरेख ठेवल्याने २०२२मध्ये ही संख्या २५२ झाली. तरीही काकापो सुरक्षित झालेला नाही. आताची संकटे डोळ्यांना दिसत नाहीत, एवढेच.

२०१९मध्ये विक्रमी पिल्ले जन्मली, त्याच वर्षी ॲस्परजिलोसिस या बुरशीजन्य श्वसनरोगाची साथ आली. हवेतले बुरशीचे बीजाणू फुफ्फुसांत आणि वायुकोशांत वाढून हा रोग होतो. काही महिने औषधे देऊनही नऊ काकापो दगावले. एवढ्या छोट्या संख्येत नऊ हा मोठाच आकडा.

दुसरे संकट वंशाचे. आजचे जवळजवळ सर्व काकापो स्ट्युअर्ट बेटावर सापडलेल्या मोजक्या पक्ष्यांचे वंशज आहेत. जवळच्या नात्यातल्या प्रजननामुळे वंध्यत्व वाढते. निम्म्याच्या आसपास अंड्यांतून पिल्लू बाहेरच येत नाही. त्यात माद्या दरवर्षी अंडी घालत नाहीत. रिमू वृक्षाला भरपूर फळे धरतात तेव्हाच, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा, त्यांचा विणीचा हंगाम येतो. म्हणूनच संशोधक जनुकीय नोंदी पाहून दूरच्या नात्यातल्या जोड्या जुळवण्याचा प्रयत्न करतात आणि कृत्रिम रेतनाचाही आधार घेतात.

तिसरा प्रश्न जागेचा. सुरक्षित बेटे मोजकीच आहेत. म्हणून २०२३मध्ये मुख्य भूमीवरील माउंगाटाउटारी या कुंपणबंद जंगलात काही नर सोडण्यात आले. मात्र झाडांवर चढण्यात पटाईत असलेल्या या पोपटांपैकी काही कुंपण ओलांडून बाहेर पडले. कुंपणापलीकडे मांजरे आणि स्टोट आजही आहेत. त्यांचा बंदोबस्त होईपर्यंत काकापोला माणसाच्या पहाऱ्यातच जगावे लागणार आहे.